अत्तार सर आणि दीड मिनिटाचं रसायनशास्त्र

अत्तार सरांची नक्कल करायला फार काही लागत नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, डावा हात पाठीमागं न्यायचा, उजव्या हातात खडू नसला तरी आहे असं धरायचं आणि वाक्य सुरू करायचं. संपवायचं नाही. बास, झाले अत्तार सर. कॉलेजच्या गॅदरिंगला मी ही नक्कल केली तेव्हा पोरं खुर्च्यांवर उभी राहिली होती. सर पहिल्या रांगेत होते. माझा नंबर झाल्यावर ते सरळ विंगेत आले आणि म्हणाले, "छान झाली. पण मी खडू अंगठ्यानं दाबून धरतो, तू नुसता चिमटीत धरलास." मग खडू चिमटीतनं का निसटतो, घाम म्हणजे काय, त्यात मीठ किती, खडू कशाचा बनतो, असा एक अख्खा तास पडद्याच्या दोरीला टेकून झाला. बक्षीस समारंभ मी तिथनंच ऐकला. माझंच नाव पुकारत होते.

सर वडूजच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. घराणं अत्तारांचं. आजोबा-पणजोबा गावोगावच्या यात्रांमधनं अत्तर, सुरमा, कुंकू असलं विकायचे. सर म्हणायचे, आमच्या घरानं रेणू विकून पोट भरलं, मी फक्त त्यांची नावं शिकून आलो. पुण्याला जाऊन डॉक्टरेट घेतली आणि लोक जातात तसं अमेरिकेला न जाता परत वडूजला आले. डॉक्टरेट कशावर होती ते मला सांगता येणार नाही. सरांनी मला समजावून सांगितलं होतं, म्हणूनच येणार नाही.

सरांच्या बोलण्यात पूर्णविराम नव्हता. त्याच्या जागी 'पण' होता. वर्गात एकदा पुढच्या बाकावरच्या पोरीनं उत्तर दिलं, पाणी शंभर अंशाला उकळतं. सर खूश. "बरोबर. पण कुठं?" मग वडूजला की महाबळेश्वरला, भांडं उघडं की झाकलेलं, पाणी बोअरचं की टाकीचं, असं करत तास संपला तेव्हा पाणी मुळात उकळतं का, याचीच अर्ध्या वर्गाला शंका होती. परीक्षेत हाच प्रश्न आला. आमच्यातल्या एकानं लिहिलं, 'परिस्थिती बघून सांगता येईल.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. तो गडी आता राजकारणात आहे.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे तर शिक्षाच. कराडच्या वाटेवर गुळाची दुकानं लागतात आणि प्रत्येकावर 'केमिकल-फ्री गूळ' अशी पाटी असते. सर गाडी थांबवायला लावायचे. घ्यायचं काही नसायचं. एकदा एका दुकानदाराला त्यांनी विचारलं, गुळात साखर आहे का. तो म्हणाला, हाय की. सर म्हणाले, ते एक केमिकल झालं. पाणी? ते दुसरं. लोह? ते तिसरं. आता पाटीवर काय लिहिणार? दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, मी आकाशाकडं बघितलं. शेवटी त्यानं गुळाचा एक मोठा खडा सरांच्या हातात ठेवला आणि हात जोडले. गाडीत बसल्यावर सर खडा चघळत म्हणाले, माणूस विचार करायला लागलाय. लागलाच होता. आम्ही कधी जातोय याचा.

रिटायर झाल्यावर आमच्याकडं माणसं शेताकडं बघतात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभी राहतात. सरांनी पॉडकास्ट काढला. त्यांची लेक पुण्याला असते. तिनं त्यांना चांगल्यातला माईक पाठवून दिला. माझा असा अंदाज आहे की रोज तासभर फोनवर रसायनशास्त्र ऐकून ती दमली होती आणि हे ओझं समाजावर टाकावं असं तिला वाटलं. माझी बी.एस्सी. तोवर केमिस्ट्रीनं अडवून धरली होती आणि मी लग्नाच्या हॉलमधनं सूत्रसंचालन करत फिरत होतो. वरमाईचं स्वागत, मामांचं स्वागत, जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये, वगैरे. सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुझ्या घशात पन्नास माणसं आहेत आणि एकालाही सांगण्यासारखं काही नाही. माझ्याकडं सांगायला आहे. अपमान होता का कौतुक, हे कळायच्या आत मी कामाला लागलो होतो.

रेकॉर्डिंग त्यांच्या घरातल्या गाद्या-रजयांच्या खोलीत व्हायचं, कारण तिथं आवाज घुमत नाही. गाद्यांच्या ढिगावर माईक, खाली सतरंजीवर आम्ही दोघं, आणि भिंतीपलीकडं सरांची बायको, आमची चाची, स्वयंपाक करत. पहिला भाग मिठावर होता. दोन तासांच्या आसपास गेला, आणि त्यात फक्त सोडियम झालं. क्लोरीन पुढच्या भागात घेऊ, असं सरांनी श्रोत्यांना आश्वासन दिलं. मधेच कुकरची शिट्टी झाली तर सरांनी कुकर समजावून सांगितला. पलीकडनं चाची म्हणाल्या, "दाल की शिट्टी हो गई. तुमारी कब होती?" हे मी कापलं नाही. त्या भागातलं सगळ्यात नेटकं वाक्य तेच होतं.

श्रोते तीन. एक मी, कारण मलाच ते कापून-जोडून टाकायचं असायचं. दुसरा सरांचा मुंबईचा भाऊ. तो म्हणायचा, डॉक्टरनं दिलेल्या झोपेच्या गोळीपेक्षा हे बरं आहे. तिसरा कोण ते बरेच दिवस कळेना. सर त्याच्याबद्दल फार हळवे होते. अनोळखी माणूस आहे, शेवटपर्यंत ऐकतो, म्हणायचे. पुढं मला कळलं की तो सरांचाच जुना मोबाइल होता. चाची तो पिठाच्या डब्यामागं ठेवून भाग लावून द्यायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. मी सरांना हे कधी सांगितलं नाही. विज्ञानात सगळं सांगायचं असतं, संसारात नसतं.

मग मी वायूंना आवाज द्यायला सुरुवात केली. हायड्रोजन म्हणजे आमच्या गल्लीतलं एक पोरगं, कुठंही न टिकणारं. बेदाण्याच्या शेडमधला गंधकाचा धूर म्हणजे सासू, जाईल तिथं सगळ्यांना खोकला. कार्बन डायऑक्साइड म्हणजे जडशीळ गावपुढारी, खोलगट जागा दिसली की आडवा होणारा. सरांना ते पटलं. फक्त प्रत्येक आवाजानंतर ते दुरुस्ती करायचे. पुढाऱ्याचं वजन हवेच्या मानानं अमुक पट, त्यामुळं तू थोडा हळू बोल.

सांगलीच्या एका महिला मंडळानं आम्हाला व्याख्यानाला बोलावलं. विषय, हळदीचं रसायनशास्त्र. सरांनी हळदीत बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्यात घातला, तो लालभडक झाला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न. पहिलाच प्रश्न, गोरं व्हायला हळद किती दिवस लावायची. सर तासभर बोलले. त्वचा म्हणजे काय, रंग कशानं येतो, गोरं व्हायची गरजच काय. सगळं ऐकून घेतल्यावर त्या बाई मनापासून म्हणाल्या, "पटलं सर. मग दुसरं काय लावू?" परतीच्या वाटेवर मी हसून हसून पडायच्या बेतात होतो आणि सर म्हणत होते, प्रश्न विचारतायत म्हणजे जिज्ञासा जागी आहे. हा त्यांचा जुना आजार. आशा.

त्याच कार्यक्रमात पल्लवी भेटली. ती सांगलीची, माझ्याच वयाची, द्राक्षं-हळद-म्हशी यांच्यावर शेतकऱ्यांसाठी मोबाइलवर व्हिडिओ करायची. तिचे व्हिडिओ तालुकेच्या तालुके बघायचे. तिनं सरांना सरळ सांगितलं, तुमचं सगळं मला हवंय, फक्त दीड मिनिटात. सर म्हणाले, दीड मिनिटात माझा नमस्कार होतो. तिला वाटलं विनोद केला. मला माहीत होतं, नाही केलेला.

चैत्र होता. खटाव-माणकडं विहिरी आटल्या की लोक गाळ काढायला आत उतरतात, आणि दर उन्हाळ्यात कुठल्या तरी गावात कुणीतरी पडून राहिलेल्या विहिरीत उतरतो आणि वर येत नाही. तळाला कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. तो दिसत नाही, वास येत नाही. यावर बोलायचं असं सरांच्या डोक्यात कधीपासनं होतं. जुनी माणसं उतरायच्या आधी दोरीनं कंदील सोडून बघायची. विझला तर उतरायचं नाही. सरांना हेच सांगायचं होतं. आम्ही वडूजच्या बाहेर एका विहिरीवर गेलो. सर उभे राहिले, खडू धरला, सुरू झाले. दिवा विझला तर आत पाऊल टाकू नका, पण विझला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही, कारण...

पल्लवीनं मोबाइल खाली घेतला. "सर, 'पण' नको. 'पण' आला की माणूस अंगठ्यानं पुढं सरकवतो." आणि तिनं अंगठा हवेत असा फिरवून दाखवला की मलाच कुणीतरी पुढं सरकवल्यासारखं वाटलं.

सरांनी विहिरीत एकदा डोकावून बघितलं. मग कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "दिवा जगला, माणूस जगला." आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा वाक्य संपवून थांबले. मी काठावरनं विहिरीत तोंड घालून पुढाऱ्याच्या आवाजात ओरडलो, आरं कंदील कशाला आणलाय, झोपू दे की. पल्लवी म्हणाली, झालं.

झालं म्हणजे काय, वणवा पेटला. आठवड्यात सरांना दहिवडीच्या स्टँडवर लोक ओळखायला लागले. कंडक्टरनं त्यांना खिडकीची जागा दिली. 'दिवा सर' हे नाव पडलं. पस्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवून जे झालं नाही ते दीड मिनिटात झालं, आणि सरांना ते आवडलं. का आवडू नये? त्यांनी जाकीट शिवलं. मिशीला मेंदी लावली. आणि हळूहळू त्यांचा 'पण' कमी झाला. कुणी काही विचारलं की एका वाक्यात उत्तर. पुढच्या व्हिडिओसाठी त्यांनी आणखी असलीच वाक्यं तयार करून ठेवली होती. चाचींनी मला एकदा दारातच गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "इनकी तबियत ठीक नई लगती. चाय पूछा तो सीधा हौ बोले." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग तो फोन आला. आम्ही गाद्यांच्या खोलीत होतो, फोन स्पीकरवर होता. माणमधल्या एका गावातले तात्या बोलत होते. आवाजात नुसता आदर. त्यांनी व्यवस्थित सांगितलं. विहीर खोल, लाइट पाळीनं येते, म्हणून पाणी उपसायला रॉकेलवर चालणारं छोटं इंजिन त्यांनी आतल्या टप्प्यावर उतरवलं होतं. वर ठेवलं तर पाणी ओढत नाही. सगळेच असं करतात. पण माणसं उतरवायच्या आधी त्यांनी दिवा सोडला, कारण सरांनी सांगितलं होतं. दिवा चांगला जळला. मग त्यांचा पोरगा आणि पुतण्या उतरले. पुतण्या फौजी, सुट्टीवर आलेला. इंजिन चालू, गाळ काढणं चालू. थोड्या वेळानं पोराचं डोकं दुखायला लागलं. मग पुतण्या खाली बसला. मग पोरगाही बसला. वरच्यांनी दोर टाकून कसंबसं दोघांना ओढून काढलं. आता साताऱ्याला दवाखान्यात होते. पोरगा बोलत होता, पुतण्याला अजून ऑक्सिजन लावलेला.

सरांनी विचारलं, "पोरं पडली तेव्हा दिवा?"

"जळत हुता की. लय झकास जळत हुता," तात्या म्हणाले. "म्हणून तर फोन क्येला सर. आमचा कंदील जुना हाय, त्यात काय फॉल्ट असंल का? नवा कुठल्या कंपनीचा घ्यावा?"

सरांनी माईक बंद केला. तो कसा बंद करतात हे त्यांना येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मला त्यांनी समजावून सांगितलं, तेही थोडक्यात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. विहिरीत तो कोंडतो. रक्तात घुसतो आणि तिथनं ऑक्सिजनला हाकलून लावतो. माणसाला कळतं तोवर पाय गेलेले असतात. "दिव्याला त्याचं काही नाही. दिव्याला रक्त नसतं." मग चष्मा काढून म्हणाले, "हे मला माहीत होतं रे. त्या विहिरीवर माझ्या तोंडात आलं होतं."

आम्ही साताऱ्याला गेलो. सरांना पोरांची माफी मागायची होती. तात्यांनी त्यांना वॉर्डभर फिरवलं. सिस्टरांना सांगितलं, हेच ते दिवा सर. दोन सिस्टरांनी फोटो काढले. सर म्हणत होते, अहो, माझ्यामुळं झालंय हे. तात्या म्हणत होते, आवं सर, तुमच्यामुळं निदान दिवा तरी सोडला. फौजी पुतण्यानं मास्कमधनं बघितलं आणि अंगठा वर केला. माफी मागायला समोर चिडलेला माणूस लागतो. तिथं तर सगळे चाहते होते. सर बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मी चहा आणला तर तो त्यांनी थंड होऊ दिला. का थंड होतो ते सांगितलं नाही.

पल्लवी शहाणी पोरगी. तिनं जुना व्हिडिओ त्याच दिवशी उडवला आणि नवा केला. नव्यात सरांनी सगळे 'पण' परत घातले, थकबाकीसकट. तिनं एकही कापला नाही. तो कुणी बघितला नाही. ज्यांनी बघितला त्यांनी खाली लिहिलं, जुना भारी होता सर. आणि जुना उडाला कुठं होता? तो लोकांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला होता. कुणी त्याला गाणं लावलं, कुणी कोपऱ्यात भगवं लावलं, कुणी हिरवं लावलं, ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या एकानं त्यात स्वतःचा हात जोडलेला फोटो चिकटवला. पल्लवी म्हणाली, "सर, सुटलेला व्हिडिओ आता परत येत नाही." सर म्हणाले, "मग मी जातो."

आणि खरंच निघाले. पाऊस लागायच्या आत जिथं जिथं गाळ निघणार तिथं जायचं. माझी मोटरसायकल, मागं सर, डोक्याला रुमाल. माणमधनं सुरू केलं आणि खाली कवठे महांकाळपर्यंत. प्रत्येक गावात आधी निरोप जायचा की दिवा सर येतायत, त्यामुळं प्रत्येक गावात सत्कार तयार. शाल, नारळ आणि कंदील. सर उभं राहून सांगायचे, मी जे बोललो ते अपुरं होतं. विहिरीत इंजिन चालू असेल, नाहीतर नुकतंच बंद केलं असेल, तर दिवा कितीही झकास जळू दे, माणूस मरतो. मी चुकलो. टाळ्या. मी चुकलो असं कुणी स्टेजवरनं म्हटलेलं आमच्या भागात कुणी ऐकलेलं नाही, त्यामुळं तो लोकांना मोठेपणा वाटायचा. मग एखादी आजी पोराला पुढं ढकलायची. सर, ते 'दिवा जगला' तेवढं म्हणून दाखवा की, ह्येला व्हिडिओ काढायचाय.

घरी कंदील साठत गेले. चाचींनी ते कॉटखाली रांगेनं लावले आणि म्हणाल्या, इत्ते कंदील मेरी शादी में नई थे.

मी एक उपाय सुचवला. म्हटलं, सर, कार्बन मोनॉक्साइडचा आवाज काढतो, लोकांच्या डोक्यात बसेल. त्यांच्या डोळ्यात जरा उजेड आला. रस्त्याकडेला गाडी लावून मी सुरू झालो. चोराचा काढला, सापाचा काढला, वळणावर गोड बोलून फसवणाऱ्या एजंटाचा काढला. सर प्रत्येक वेळी मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "राहू दे. त्याला आवाजच नाही. तीच तर अडचण आहे." माझ्या घशातली पन्नास माणसं त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसली.

त्याच फेरीत एकदा कवठे महांकाळच्या अलीकडच्या एका मळ्यात आम्ही पोचलो. सत्कार नव्हता, कारण निरोप गेला नव्हता. आम्ही वाट चुकलो होतो. मळा आप्पांचा. द्राक्षबाग, मधे विहीर, आणि विहिरीतनं धडधड आवाज येत होता. सर गाडी थांबायच्या आत उतरले. आतल्या टप्प्यावर इंजिन चालू, निळसर धूर, एका दोरीला कंदील लोंबतोय आणि झकास जळतोय. तीन गडी फावडी घेऊन उतरायच्या तयारीत. आप्पांनी सरांना ओळखलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "या या दिवा सर. बघा, तुमच्या सांगण्यापरमानंच चाललंय."

सरांनी सांगितलं, इंजिन बंद करा आणि वर काढा. आप्पांनी नम्रपणे सांगितलं, जमायचं न्हाई. लाइट परवा आहे, गडी आजच मिळालेत, तासाभराचं काम आहे, दिवा जळतोय. सरांनी परत सांगितलं. आप्पांनी परत हात जोडले. गडी हसत होते. एक म्हणाला, म्हातारं लय घाबरतंय.

मग सर वळले. ते चालत गेले आणि जो दोर धरून गडी उतरणार होते त्याच्या वेटोळ्यावर मांडी घालून बसले. चष्मा शेंड्यावर आणला. नसलेला खडू अंगठ्यानं दाबून धरला. आणि सुरू झाले.

रॉकेल म्हणजे काय इथनं सुरुवात केली. मग ते जळतं म्हणजे काय होतं. पूर्ण जळतं कधी आणि अर्धवट कधी. मग फुप्फुस. मग रक्ताचा लाल रंग. प्रत्येक वाक्यात 'पण', प्रत्येक 'पण'मधनं दुसरी वाट, त्या वाटेला आणखी एक फाटा. कुणी दोराला हात घातला की सर त्यालाच प्रश्न विचारायचे. मयताला बसल्यासारखे गडी बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसले. एकाला झोप लागली. इंजिनातलं रॉकेल संपून ते आपोआप बंद पडलं तरी सर फुप्फुसातच होते. ऊन डोक्यावर आलं. आप्पा माझ्याजवळ सरकले आणि हळूच विचारलं, "ह्ये किती येळ चालतं?" मी म्हटलं, आप्पा, आज्जून प्रस्तावना चाललीय.

आप्पांनी सूर्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं, आणि गड्यांना हाक मारली. "काढा रं इंजान वर. त्येला बांधलेल्या दोरानं वरनंच वढा, कुणी उतरू नगा. न्हाईतर ह्यो माणूस आपल्याला हितंच बसवून मारंल."

पटलं होतं का? मला नाही वाटत. कंटाळले होते एवढं नक्की. आणि इंजिन वर आलं. पल्लवीचा अंगठा तिथं चालत नव्हता. समोर बसलेल्या माणसाला पुढं सरकवता येत नाही.

मग सरांनी त्यांना आणखी थांबवलं. बागेवर औषध मारायचा ब्लोअर आप्पांकडनं मागून घेतला, त्याचा धूर लांब जाईल असं बघून त्याचं तोंड विहिरीत सोडलं, तो चालवत ठेवला, उन्हं कलली तेव्हा कुठं दोघांना उतरू दिलं. तेही कमरेला दोर बांधून, दोराचं टोक वर आप्पांच्या आणि तिसऱ्या गड्याच्या हातात. आणि एक अट घातली. मी बोलत राहणार, तुम्ही आतनं उत्तर देत राहायचं. उत्तर आलं नाही की वर ओढणार.

मला त्या दिवशी सांगलीला एक रिसेप्शन होतं, तिथं जाणं भाग होतं. सर म्हणाले, तू जा, मी एस.टी.नं येतो. पुढं मी पल्लवीबरोबर काम करायला सांगलीलाच राहिलो. सर फोनवर भेटतात, म्हणजे ते बोलतात आणि मी मोबाइल कानाला लावून माझी कामं उरकतो. अजून हिंडतात म्हणे, गाळाचे दिवस आले की. चाची सांगतात. पण मी त्यांना डोळ्यांनी शेवटचं बघितलं ते तिथं, त्या विहिरीवर.

मेंदीची मिशी, मळलेलं जाकीट. सर काठावर पोटावर आडवे झाले होते, मान आत घातलेली. विहिरीच्या दगडांवर पांढरा थर का धरतो ते सांगत होते. खालनं फावड्यांचा आवाज आणि मधनंमधनं शिव्या. "आवं सर, बास करा की, कान किटलं." सर म्हणायचे, आला आवाज, आणि पुढं चालू. "ह्येला कुणी तरी घरला न्या रं." आला आवाज. चालू.

मी गाडीला किक मारणार तेवढ्यात खालचा आवाज थांबला. फावडीही थांबली. सर बोलायचे थांबले. त्यांनी दोघांचीही नावं घेऊन हाक मारली. खालनं काही आलं नाही. आप्पांनी दोर मुठीत आवळला आणि पाय रोवले. सरांचा हात वर गेला होता, ओढा म्हणून सांगायला.

मग खोलनं एक दमलेला आवाज आला.

"दम खात हुतो सर. ऐकतूय की. फुडं बोला."